खटावकरांचा जर्मन कॅमेरा

धनंजयराव वरुडकरांच्या हातात जुना कॅमेरा द्यावा आणि चहा टाकायला जावं. चहाला उकळी फुटायच्या आत ते त्याचा देश, त्याचं दशक आणि तो कधीकाळी कोणत्या कोपऱ्यावर आपटला होता ते सगळं सांगून मोकळे होत. डोळे मिटून नुसता 'खट्' असा आवाज ऐकूनही ते कॅमेरा ओळखत. तीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, असं ते स्वतःच सांगत, कारण दुसरं कुणी ते सांगायच्या भानगडीत पडत नसे.

रेल्वेतून इंजिनीअर म्हणून निवृत्त झाल्यावर ते लखनौलाच राहिले. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेतलं. त्यातली पूर्वेकडची चांगली खोली चौसष्ट कॅमेऱ्यांना दिली आणि बायकोच्या, म्हणजे यमुनाबाईंच्या साड्या पलंगाखालच्या पेटीत गेल्या. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून त्या खोलीत दिवा चोवीस तास चालू असे. साड्यांना बुरशी धरली तर चालत होतं.

त्यांचा एक नियम होता. कुठलाही कॅमेरा उघडण्याआधी त्याच्या डोक्यावरची डावीकडची चकती हलकेच फिरवून बघायची. चकती अडली, तर आत रोल आहे. मग हात लावायचा नाही. आपल्या हातून आजवर कुणाचा एक रोल वाया गेलेला नाही, हे ते पाहुण्यांना, दूधवाल्याला आणि एकदा तर गॅस सिलिंडर द्यायला आलेल्या माणसालाही सांगून चुकले होते.

हे सगळं मन लावून ऐकणारा माणूस आख्ख्या लखनौत एकच होता, रमाकांत खटावकर. मूळचे साताऱ्याकडचे, हवाई दलातून निवृत्त, राहायला तेलीबागला. खटावकरांकडे कॅमेरा एकच. काळा-चंदेरी, वरती झोकदार अक्षरांत जर्मन कंपनीचं नाव कोरलेला. दर रविवारी ते तो माकडटोपीत गुंडाळून धनंजयरावांकडे घेऊन यायचे, पोहे खायचे आणि रोल भरून घ्यायचे.

त्या कॅमेऱ्यात रोल भरणं हे नाजूक काम होतं. तो मागून उघडत नसे. तळाची पत्री काढून रोल खालून सरकवायचा. त्याआधी फिल्मचं पुढचं टोक, ज्याला दोघंही 'जीभ' म्हणत, ते नखं कापायच्या कात्रीनं चार बोटं लांब कापून घ्यावं लागे. जीभ आखूड राहिली तर फिल्म आतल्या दातांत बसतच नाही. वरचा आकडा पुढे सरकत राहतो, खट् खट् आवाज येत राहतो आणि आत फिल्म जागची हलत नाही. खटावकरांचा हात थरथरायचा, म्हणून जीभ कायम धनंजयराव कापायचे. अशी अठरा वर्षं गेली.

मग एका वर्षी लखनौच्या मराठी मंडळाच्या गणपतीत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. खटावकरांनी आपला कॅमेरा मखमलीवर ठेवला आणि शेजारी 'जर्मन' अशी चिठ्ठी लावली. धनंजयराव तिथं आले. समोर पंधरावीस माणसं उभी. कुणीतरी म्हणालं, वरुडकर, जरा माहिती सांगा. झालं. त्यांनी लेन्स फिरवून काढली आणि सगळ्यांना आत डोकवायला लावलं. आत वरच्या बाजूला एक चिमुकला दांडा असतो. जर्मन असेल तर त्या दांड्याच्या टोकाला गोल चाक असतं, रशियन असेल तर नुसतं तिरपं टोक. इथं तिरपं टोक होतं.

"हा रशियन आहे," धनंजयराव म्हणाले. "वरचं नाव नंतर कोरलेलं. साफ नक्कल!"

माणसं हसली. खटावकरही हसले. त्यांनी 'जर्मन' लिहिलेली चिठ्ठी घडी करून खिशात घातली, कॅमेरा माकडटोपीत गुंडाळला आणि घरी गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. यमुनाबाई म्हणाल्या की तुम्ही जाऊन या. धनंजयराव म्हणाले, मी काय खोटं बोललो? येईल तोच. डिसेंबरात खटावकरांना न्यूमोनिया झाला. सहा दिवस दवाखान्यात होते. सातव्या दिवशी धनंजयराव सगळा अभिमान गिळून निघाले, पण पोचले ते खांदा द्यायलाच.

त्यानंतर मात्र धनंजयरावांचं तोंड मिटलं. दूधवाला दूध देऊन जायचा, त्याला कुणी काही सांगत नसे. रविवारी पोहे व्हायचे आणि निम्मे उरायचे. कॅमेऱ्यांच्या खोलीतला दिवा एकदा गेला तो दहा महिने तसाच राहिला. एका संध्याकाळी यमुनाबाईंनीच तो बदलला आणि बदलून झाल्यावर स्टुलावर बसून थोडं रडून घेतलं.

पुढच्या नोव्हेंबरात लीलावहिनी आल्या. लीलावती खटावकर, धनंजयरावांना त्या 'भावजी' म्हणत. हातात माकडटोपीचं गाठोडं. त्यांनी सांगितलं की वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी मंडळ ह्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवतंय. मध्ये टेबलावर कॅमेरा ठेवायचा आहे. तर त्याची माहिती भावजींनी एका कार्डावर लिहून द्यावी. खरी असेल ती लिहा, एवढंच त्या म्हणाल्या आणि ई-रिक्षा थांबवून ठेवली होती म्हणून चहा न घेताच गेल्या.

धनंजयराव गाठोडं घेऊन गच्चीवर गेले. डोक्यात एकच विचार, हा कॅमेरा जर्मन निघाला पाहिजे. काहीही करून निघाला पाहिजे. आपण तेव्हा घाईत बघितलं असेल. दांडा कुणीतरी मागाहून बदललेला असेल. असल्या कॅमेऱ्यांच्या तळपत्रीच्या आतल्या बाजूला कधी कधी कारखान्याचा बारीक ठसा असतो. तो जर सापडला, तर कार्डावर मोठ्या अक्षरांत 'जर्मन' लिहिता येईल. खाली सही करता येईल. आणखी काय करता येणार होतं आता?

गच्चीवर ऊन लख्ख होतं. ठसा बघायला ऊन चांगलंच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याला लावलं, कॅमेरा उलटा केला आणि तळाची पत्री काढली.

आत रोल होता.

डावीकडची चकती फिरवून बघायची राहिली होती. तीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी पत्री एवढ्या जोरात दाबून बसवली की बोटाला चिमटा बसून रक्त आलं. बोट तोंडात घालून ते टाकीच्या सावलीत जाऊन बसले. आकडा बघितला तर एकतीस. छत्तीसातले एकतीस फोटो काढलेले. म्हणजे खटावकरांचे अगदी शेवटचे. आणि त्यांवर आपण दुपारचं ऊन ओतलं.

इतक्यात फोन वाजला. लीलावहिनी रिक्षातूनच बोलत होत्या. सांगायचं राहिलंच, म्हणाल्या, आत रोल आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांनी स्वतः भरला होता. रोज एक फोटो काढायचे. तो तेवढा धुऊन घ्याल का? तेच मला बघायचे आहेत हो.

"बरं झालं तुमच्याकडे दिला," त्या म्हणाल्या. "दुसरा कुणी असता तर उघडून बसला असता."

आता इथं सांगून टाकायचं की नाही? पण धनंजयरावांच्या तोंडून बाहेर पडलं ते भलतंच. ते म्हणाले, काळजी करू नका वहिनी, रोल सुखरूप आहे. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली.

तेलीबागला सक्सेनाजींचा स्टुडिओ आहे. आता तिथं पासपोर्टचे फोटो निघतात आणि आधारकार्ड प्लास्टिकमध्ये घालून मिळतं. पण सक्सेनाजींकडे जुनी अंधारी खोली अजून आहे आणि ऑर्डर दिली तर ते दिल्लीहून औषधं मागवून फिल्म धुऊन देतात. धनंजयरावांनी रोलसकट कॅमेरा त्यांच्या पुढ्यात ठेवला. रोल तुम्हीच काढा, म्हणाले, माझा हात नको लागायला. जरासा उजेड लागला आहे, पण चार-सहा तरी वाचतील ना? सक्सेनाजी म्हणाले, भगवान की मर्ज़ी. त्यांनी काळ्या पिशवीत हात घालून रोल काढला, कॅमेरा परत दिला आणि आठवड्यानं फोन केला.

"भाईसाहब, बुरा मत मानिएगा। एक भी फोटो नहीं आई।"

एरवी धनंजयरावांनी दहा प्रश्न विचारले असते. फिल्म कशी दिसतेय, टोकाला काय आहे, औषध किती वेळ ठेवलं. त्या दिवशी एकही विचारला नाही. राहू दे तिथंच, म्हणाले, आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

यमुनाबाईंनी सरळ सांगितलं, वहिनींकडे जा आणि जे झालं ते सांगून टाका. पडतील ते दोन शब्द ऐकून घ्या. त्यांचं ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. धनंजयरावांनी शर्ट घातला, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलेही. पण तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण आलं. चिटणीस निरंजन हे आयकर खात्यातले, एकदा छापलेलं बदलायची त्यांना सवय नाही. निमंत्रणात ठळक अक्षरांत होतं: 'कै. रमाकांत खटावकर यांची अखेरची एकतीस छायाचित्रे. प्रथमच.' खाली त्रेपन्न जणांनी हात जोडले होते आणि पहिला हात लीलावहिनींचा होता.

धनंजयराव फाटकातून परत फिरले. आले ते थेट कॅमेऱ्यांच्या खोलीत. नवा रोल काढला, कात्री घेतली आणि जीभ कापली.

बेत साधा होता. तोच कॅमेरा, तसलीच काळीपांढरी फिल्म, तोच महिना, सावल्यासुद्धा तेवढ्याच लांबीच्या. फक्त फोटो खटावकरांसारखे निघायला हवेत. ते काही अवघड नव्हतं, कारण खटावकर फोटो फार वाईट काढत. सगळे डावीकडे कललेले, आणि दर तिसऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ढग. धनंजयरावांनी अठरा वर्षं त्या अंगठ्यावरून मित्राला टोचून बोलून घेतलं होतं. आता ते तेलीबागच्या भाजीबाजारात गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, स्वतःचा अंगठा मोजूनमापून लेन्सपुढे आणत होते. भाजीवाल्यानं विचारलं, बाबूजी, तबियत ठीक है? ठीक है, म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. भाजीवाल्यानं त्यांना एक मुळा फुकट दिला.

अशा रीतीनं चहाची टपरी, बागेतला बाक, वाळत घातलेल्या रजया, भिंतीवरचं मांजर असे सव्वीस फोटो झाले. उरले पाच. खटावकरांच्या रोलमध्ये विमान नसेल हे शक्यच नव्हतं. हवाई दलातला माणूस. आकाशात काही घुरघुरलं की पोहे टाकून गच्चीत पळायचा. तेव्हा विमानांसाठी धनंजयराव अमौसीला गेले.

विमानतळाच्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावर ते मान वाकडी करून उभे होते. वरून विमान गेलं, खट्. दुसरं गेलं, खट्. असे पाच पुरे झाले तेव्हा खांद्यावर हात पडला. वर्दीतला माणूस सभ्य होता. त्यानं शांतपणे विचारलं की बाबूजी, काय चाललंय? हा कसला कॅमेरा?

इथं धनंजयरावांनी 'जुना आहे' एवढं म्हटलं असतं तर घरी आले असते. पण वर्षभरानंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांना कॅमेऱ्याबद्दल विचारलं होतं! त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "देखिए, ऊपर नाम जर्मन है, पर वह नकली है। अंदर से यह रशियन है। मेरे मित्र का है, वे एअर फोर्स में थे।"

नकली, रशियन, एअर फोर्स. वर्दीतल्या माणसानं त्यांना चौकीत नेऊन बसवलं.

चौकीतले साहेब वयानं मोठे होते, त्यांनी पाणी दिलं. मग कागद पुढे केला आणि म्हणाले की जे आहे ते लिहून द्या, नीट लिहा, आधी जर्मन मग रशियन असं नको. धनंजयरावांनी चष्मा पुसला. पेन घेतलं. विचार केला. आणि हिंदीत, गोल गोल अक्षरांत लिहिलं की हा माझे स्वर्गीय मित्र श्री रमाकांत खटावकर यांचा कॅमेरा असून तो जर्मन आहे, अस्सल जर्मन आहे, रशियाशी त्याचा काहीही संबंध नाही. खाली सही केली. साहेबांनी वाचून मान हलवली. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला खटावकरांनी चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावली होती, 'हरवल्यास संपर्क', तिच्यावरचा नंबर उतरून घेतला आणि धनंजयरावांना सोडून दिलं.

बाहेर येऊन ते बसथांब्यावर बसले. गेल्या वर्षी हेच पंधरावीस माणसांपुढे म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? खोटं बोललो असतो, दुसरं काय? आज बोललोच की, तेही सहीनिशी. त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला आणि घरी जायची बस दोनदा सोडली.

नवा रोल सक्सेनाजींनीच धुऊन दिला, फोटो मंडळाकडे गेले आणि कॅमेरा लीलावहिनींकडे. प्रदर्शन सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये होतं. एका भिंतीवर खटावकरांचे जुने फोटो, समोरच्या भिंतीवर 'अखेरचे एकतीस'. मध्ये टेबलावर कॅमेरा. लीलावहिनींनी तो पुसून, लेन्सवर झाकण लावून ठेवला होता. शेजारी कार्ड: 'जर्मन बनावट. परीक्षण: धनंजय वरुडकर.'

माणसं फोटोंसमोर थांबत होती आणि सुस्कारे सोडत होती. बाकाच्या फोटोपुढे एका बाईंनी डोळे पुसले. अंगठ्याचा काळा ढग बघून कुणीतरी म्हणालं, जणू मृत्यूची सावलीच. निरंजननी भाषणात सांगितलं की अखेरच्या दिवसांत खटावकरांचा हात अतिशय सुधारला होता. हे ऐकून धनंजयरावांना क्षणभर बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं म्हणून इतकी लाज वाटली की ते भाषण संपायच्या आत खुर्च्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

तिथंच त्यांना सक्सेनाजींनी गाठलं. कडक इस्त्रीचा कोट घालून आले होते. हातात पाकीट. तुम्ही पहिला रोल तसाच सोडून गेलात, म्हणाले, मी घेऊन आलो. आणि आवाज न उतरवता पुढे म्हणाले की तुम्ही काढलेले दुसऱ्या रोलचे फोटो मात्र झकास लागलेत हां भिंतीवर.

धनंजयरावांनी घाईघाईनं पाकीट घेऊन त्यांना भिंतीशी ओढलं. सक्सेनाजी आपले बोलतच होते. एक गोष्ट मला समजली नाही, म्हणाले. "रोल तो पूरा डिब्बी के अंदर ही था, बस सिरा बाहर था। मैंने सोचा, आपने लपेट दिया होगा।"

धनंजयरावांनी पाकिटातून फिल्म काढली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. उजेड लागलेली फिल्म धुतली की काळीठिक्कर पडते. ही टोकाला तेवढी काळी होती, बोटभर. बाकी सगळी काचेसारखी स्वच्छ. तिच्यातून पलीकडचा पंखा दिसत होता.

त्यांना सगळं एकदम कळलं. त्या दिवशी गच्चीत काहीच बिघडलं नव्हतं. फिल्म डबीत झाकलेलीच होती, पहिल्या दिवसापासून. तिच्यावर कधी एकही फोटो निघालाच नव्हता. टोक बघितलं. जीभ आखूड होती, कापलेलीच नव्हती. खटावकरांनी कापत्या हातांनी, कुणाची मदत न मागता, स्वतः रोल भरला होता आणि एकतीस दिवस रोज कळ दाबली होती. आकडा पुढे सरकत राहिला. आत काही हललं नाही. आणि जीभ कापून देणारा माणूस दीड मैलावर 'येईल तोच' म्हणत पोहे खात बसला होता.

म्हणजे रोल आपणच वाया घालवला. गच्चीत नाही, गणपतीत. धनंजयरावांनी तिथंच खुर्चीवर बसकण मारली. ते रडायला लागले, आणि रडताना त्यांना कसलंही भान राहिलं नाही.

लीलावहिनी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांच्या मागे पाण्याचा पेला घेऊन यमुनाबाई. धनंजयरावांनी फिल्म पुढे धरली आणि सगळं सांगून टाकलं, गच्चीपासून अमौसीपर्यंत, मुळ्यासकट.

"अमौसीचं ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "चौकीतून फोन आला होता. कॅमेरा तुमचाच का, जर्मन आहे का? मी म्हटलं, हो, जर्मनच आहे. म्हातारा माणूस आहे, सोडा त्यांना."

धनंजयरावांनी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? वहिनी म्हणाल्या, एवढ्या उन्हात मान वाकडी करून उभे होता म्हणे. म्हटलं, करू दे त्यांना काय करायचं ते. आणि तो कॅमेरा रशियन आहे हे ह्यांना घेतानाच ठाऊक होतं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं. म्हणून तर परवडला. लागलं ते चारचौघांत बोललात ते. तरी रोज म्हणायचे की हा रोल पुरा झाला की धनंजयकडे घेऊन जातो. आता एकतीस झाले, पाचच राहिले.

"भिंतीवरचे फोटो ह्यांचे नाहीत, हे बघताक्षणी कळलं," वहिनी म्हणाल्या. "एकतीसात मी एकदाही नाही. ते रोज माझाच फोटो काढायचे, भावजी. सकाळी, चहा पिताना. मी म्हणायचे, केस तरी विंचरू द्या. त्यांना धीर कुठला."

मग यमुनाबाईंनी पर्समधून कात्री काढली. नखं कापायची. आणि पर्समधूनच एक नवा रोल. घरून निघताना त्या हे का घेऊन निघाल्या होत्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्या म्हणाल्या, पाच राहिलेत ना? मग काढा.

धनंजयरावांनी टेबलावरचा कॅमेरा आणला. जीभ चार बोटं कापली. रोल खालून सरकवला, पत्री लावली, फिल्म पुढे ओढताना डावीकडची चकती आपोआप फिरते की नाही ते तीनदा बघितलं. फिरत होती. आत फिल्म चालत होती. वहिनी खिडकीशी बसल्या, हातात मंडळाच्या चहाचा कागदी कप. या खेपेला केस विंचरून. धनंजयरावांनी डोळे पुसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मान सरळ ठेवून, अंगठा आवरून, श्वास रोखून फोटो काढले. एक, दोन, तीन. चौथ्याला वहिनी थोड्या हसल्या. पाचव्याला त्यांनी कप खाली ठेवून नुसतं कॅमेऱ्याकडे बघितलं, अगदी समोर, कितीतरी वेळ.

"झालं," धनंजयराव म्हणाले. "असा फोटो मी आयुष्यात काढला नाही, वहिनी."

वहिनी अजून कॅमेऱ्याकडेच बघत होत्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. यमुनाबाईंना वाटलं, रडताहेत. त्या घाईनं जवळ गेल्या, तर वहिनींनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या हसत होत्या, वर्षभरात पहिल्यांदा. त्यांना शब्द फुटेना, म्हणून त्यांनी बोटानं दाखवलं.

त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी असते आणि लेन्स वेगळी, त्यामुळे लेन्सपुढे काय आहे ते बघणाऱ्याला कधीच दिसत नाही. धनंजयरावांनी कॅमेरा उलटा करून बघितला. झाकण लेन्सवर तसंच होतं.

खटावकरांचे एकतीस आणि वरुडकरांचे पाच. दोघांनी मिळून छत्तीसचा आख्खा रोल कोरा काढला होता.